पॉप्लर स्ट्रीटला कसं जायचं

डेकोरा, आयोवा
१९ ऑगस्ट १९९१

प्रिय जेनी,

लोकांची भांडी अखेर परत करून झाली. फेब्रुवारीत कॅस गेला तेव्हा आमच्या चर्चच्या बायकांनी मला महिनाभर जेवू घातलं. प्रत्येकीनं भांड्याच्या तळाला आपल्या नावाची चिकटपट्टी लावली होती, तरी दोन भांड्यांवरून तंटा झालाच. तो मिटवला आणि मनाशी म्हटलं, आता मी मोकळी झाले, आता बॉस्टनला जायचं.

हो, बरोबर वाचलंस. ऑक्टोबरमध्ये, तीन दिवस. शिकागोपर्यंत बस आणि पुढे रेल्वे. विमानात मला कुणी बसवू शकणार नाही.

तू आमच्या लग्नाला आलीस, तुझ्या भावाला पोचवायला आलीस. तिकडून इकडे दोन फेऱ्या झाल्या तुझ्या, आणि माझी एकही नाही. पस्तीस वर्षं त्याच्याशी संसार केला आणि तो ज्या दारातून शाळेत जायचा ते दार मी पाहिलेलं नाही. बॉस्टनचं नाव काढलं की याला कुठेतरी वादळ आलेलं असायचं आणि टेलिफोनच्या तारा पडलेल्या असायच्या. तारा जोडणाऱ्याशी लग्न केलं की वादळाशी भांडता येत नाही.

गोष्टी मात्र खूप सांगायचा. पॉप्लर स्ट्रीटवरचं विटांचं घर, दाराच्या तीन पायऱ्या, मधली टवका उडालेली. गच्चीवर कबुतरं. रविवारी प्रत्येक मजल्यावर वेगळ्या देशाचा स्वयंपाक, आणि नाकानं ओळखायचं आज कुणाकडे जेवायला जायचं. मी म्हणायचे, ‘अजून आहे का रे तसंच?’ तो म्हणायचा, ‘तसंच आहे.’

मला बाकी काही नको, जेनी. त्या दारासमोर उभं राहायचंय. घर आता कुणाचंही असो, घंटा वाजवणार नाही. नेशील ना?

तुझी,
आर्डिस


सॉमरव्हिल, मॅसॅच्युसेट्स
२८ ऑगस्ट

प्रिय आर्डिस,

ये की! कधी येतेस म्हणून विचारायची मला सवयच राहिली नव्हती, इतक्या वर्षांत विचारून विचारून जीभ झिजली. घर माझं तिसऱ्या मजल्यावर आहे आणि माझे गुडघे पहिल्या मजल्यावरच संप पुकारतात, पण पाहुणीसाठी खोली आहे, पलंग आहे, आणि पलंगाखाली एक बोका आहे, तो पाय चावतो.

फक्त ऑक्टोबर नको. ऑक्टोबरात नदीवर वल्ह्यांच्या शर्यती असतात. अख्ख्या देशातली लांब हातांची पोरं इथे जमतात, त्यांचे आईबाप जमतात, पुलांवर मुंगीला पाय ठेवायला जागा नाही. वर झाडांची लाल-पिवळी पानं बघायला येणाऱ्यांच्या बसेस. अगं, आम्ही इथले लोकच त्या दिवसांत घराबाहेर पडत नाही. तू मे महिन्यात ये. हवा छान असते, माझे गुडघेही बरे असतात.

आलीस की सगळं दाखवते. फूटपाथवर लाल रेघ ओढलेली आहे, तिच्यावरून चालत गेलं की सगळा इतिहास आपोआप पायाखाली येतो. जुनं चर्च, चहा समुद्रात फेकला ते जहाज, पॉल रिव्हियरचं घर. मग बंदरावर बसून लॉबस्टर खाऊ. तुम्हा मक्यावर वाढलेल्या लोकांना तो फोडता येत नाही, मी फोडून देईन.

दाराचं काय, दारासारखं दार. बघू.

गालाचा पापा,
जेनी


डेकोरा
५ सप्टेंबर

प्रिय जेनी,

तिकीट काढलं. एकोणीस ऑक्टोबरला, शनिवारी, मी तुझ्याकडे पोचते. मे महिन्यापर्यंत थांब असं चौसष्ट वर्षांच्या बाईला सांगू नये.

शर्यती असू देत. मला बोटीत बसायचं नाही. आणि पॉल रिव्हियर मोठा माणूस असेल, पण तो काही माझा नवरा नव्हता. त्याचं घर मी का पाहू?

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. शर्यतींवर चार ओळी आहेत आणि दारावर एक. जेनी, मला आडपडदा जमत नाही, तेव्हा सरळ विचारते. कॅसला माझी लाज वाटायची का? मी शेतावरची पोर, गाईच्या धारा काढून चर्चला जाणारी, तेही लूथरचं चर्च. तुमची आई कॅथलिक, पोलिश बोलणारी, शहरातली. लग्नाच्या फोटोत माझे हात बघ, फावड्यासारखे दिसतात. त्यानं मला नेलं नाही ते आईला आणि गल्लीला दाखवायला नको म्हणून का? तो होता तोवर ही शंका मला कधी शिवली नाही. आता रिकाम्या घरात रोज शिवते. खरं काय असेल ते मला पेलेल, पण न कळणं पेलत नाही.

तुझे गुडघे दुखत असतील तर मी एकटी जाईन. स्टेशनावरून पॉप्लर स्ट्रीटला कसं जायचं तेवढं लिहून पाठव.

आर्डिस


सॉमरव्हिल
१४ सप्टेंबर

प्रिय आर्डिस,

लाज! डोकं ठिकाणावर आहे का तुझं? आईनं तुमचा लग्नाचा फोटो देव्हाऱ्यातल्या मेरीच्या शेजारी ठेवला होता. शेजारणी आल्या की आधी तू दिसायचीस, मग देवाची आई. हे असलं पुन्हा लिहू नकोस.

बरं, ऐक रस्ता. स्टेशनातून भुयारी गाडी घे आणि स्कॉली स्क्वेअरला उतर. वर आलीस की जुन्या नाटकगृहाकडे पाठ कर, तिथे पूर्वी बायका फार थोडे कपडे घालून नाचायच्या, त्यामुळे कॅसला तो कोपरा चांगला माहीत होता. उताराला लाग. ग्लिन्स्कीचं मासळीचं दुकान आलं की डावीकडे. घोड्यांना पाणी पाजायचा दगडी हौद लागेल, तो ओलांडायचा. मग कोपऱ्यावर सिगारचं दुकान, बाहेर लाकडी माणूस उभा. त्याच्या नाकाच्या दिशेनं गेलं की पॉप्लर स्ट्रीट.

पण एकटी कशाला जातेस? मी येते ना. आधी शहर बघू, मग वेळ उरला तर तिकडे.

जेनी


डेकोरा
२३ सप्टेंबर

प्रिय जेनी,

आधी सांगते, रागावू नकोस.

मोटर क्लबकडून मी बॉस्टनचा नकाशा मागवला. आमच्या वाचनालयातली वर्ना आणि मी, आम्ही दोघी भिंग घेऊन दुपारभर त्यावर बसलो. स्कॉली स्क्वेअर नावाचं स्टेशन नाही. त्या जागी सरकारी कचेऱ्या आहेत. मग वर्नाला चेव आला. तिनं बॉस्टनची टेलिफोनची यादी काढली. ग्लिन्स्की मासळीवाला नाही. कोपऱ्यावरचं सिगारचं दुकान नाही. नाटकगृहसुद्धा नाही. अगं, तू सांगितलेल्या रस्त्यावर एकही गोष्ट जागेवर नाही!

माझ्या बोर्गहिल्ड मावशीचं असंच सुरू झालं होतं. ती आम्हाला जळून गेलेल्या गिरणीत पीठ आणायला पाठवायची. सगळे हसायचे, आणि मग एक दिवस तिचे बूट ओव्हनमध्ये सापडले.

तेव्हा मला प्रेमानं सांग, आज वार कोणता? राष्ट्राध्यक्ष कोण? शेगडी बंद करायला विसरतेस का? तिसऱ्या मजल्यावर एकटी राहतेस, काळजी वाटते. हवं तर तुझ्या मुलीला मी दोन ओळी लिहिते. ती तुझ्यावर रागावणार नाही अशा बेतानं लिहीन.

तुझी आर्डिस


सॉमरव्हिल
२८ सप्टेंबर

आर्डिसबाई,

आज शनिवार आहे. राष्ट्राध्यक्ष कोण ते मला ठाऊक आहे, आणि त्याच्याविषयी माझं मत इथे लिहिलं तर पोस्टमन लाजेल. शेगडी बंद आहे. बूट पायात आहेत, आणि तू समोर असतीस तर ते कशाला वापरले असते तेही सांगते.

माझ्या मुलीला दोन ओळी लिहायच्या म्हणे! ती टपलेलीच आहे. वृद्धाश्रमांची रंगीत माहितीपत्रकं तिनं माझ्या उशीखाली ठेवली आहेत, तुझी एक ओळ गेली असती तर मी नाताळापर्यंत तिथे बिंगो खेळत बसले असते.

आता नीट ऐक. इथे रस्ता सांगायची हीच रीत आहे. आजची दुकानं ज्याच्या त्याच्या डोळ्यांना दिसतात, त्यात सांगायचं काय? इथला माणूस जे होतं त्याच्यावरून रस्ता सांगतो. शेजारच्या मेरी डॉयलनं परवा नळ दुरुस्त करणाऱ्याला फोनवर सांगितलं, ‘जळलेल्या बेकरीपाशी वळा.’ बेकरी जळाली तेव्हा तो नळवाला पाळण्यातही नव्हता. तरी बरोबर दारात आला, कारण त्याच्या आईनं त्याला रस्ते तसेच शिकवलेत. नाटकगृह जाऊन तीस वर्षं झाली असतील. हौद मी लहान असतानाच उखडला. म्हणून काय त्याला वळसा घालायचा नाही?

तुझ्या वर्नाला सांग, भिंग पुसून ठेव.

जेनी


डेकोरा
२ ऑक्टोबर

जेनी,

चुकले, माफ कर. मला आधीच कळायला हवं होतं. कॅस इथेही असंच करायचा. ‘लार्सनच्या धान्याच्या कोठीपाशी वळ,’ म्हणायचा, आणि कोठी वाऱ्यानं कधीच नेलेली. आम्हाला वाटायचं, याचं आपलं काहीतरी.

म्हणजे रस्त्यातलं जे जे तू सांगितलंस ते सगळं गेलेलं आहे.

मग पॉप्लर स्ट्रीट?

आर्डिस


सॉमरव्हिल
८ ऑक्टोबर

प्रिय आर्डिस,

नाही. पॉप्लर स्ट्रीट नाही.

तुझं पत्र शनिवारी आलं. तेव्हापासून रोज लिहायला बसते आणि भांडी घासायला उठते. आज लिहितेच.

वेस्ट एंड नावाची आमची सगळी वस्तीच गेली. तुमचं लग्न झालं तेव्हा ती होती. मग नगरपालिकेची पत्रं आली, की ही वस्ती गलिच्छ आहे, माणसांनी राहायच्या लायकीची नाही, पाडून चांगली घरं बांधायची आहेत. माझी आई रोज सकाळी गुडघ्यांवर बसून दाराच्या पायऱ्या घासायची, आर्डिस. तिला गलिच्छ म्हणाले. आम्हाला वाटलं, बोलतात नुसते, एवढी माणसं कुठे घालवणार? आणि मग एकेक घर रिकामं होऊ लागलं. इटालियन, ज्यू, पोलिश, सगळे पांगले. आईला मी इथे घेऊन आले. ती खिडकीत बसून राहायची. मला विचारायची, ‘घरी कधी जायचं?’ दीड वर्षात गेली.

तिच्या अंत्यविधीला कॅस एकटा आला. तुला कारिन नुकतीच झाली होती. दफन झाल्यावर म्हणाला, ‘चल, घरी जाऊन येऊ.’ मी त्याला सांगितलं होतं, पत्रातूनही सांगितलं होतं, पण ऐकणं वेगळं. आम्ही गेलो तर जमीन सपाट. विटांचे ढीग, धूळ, आणि एक यंत्र. नदी थेट दिसत होती, जी आम्हाला कधी दिसली नव्हती. कॅस शिट्टी वाजवायला लागला. रडू आलं की तो शिट्टी वाजवायचा, तुला माहीत असेल.

मग म्हणाला, ‘आर्डिसला सांगू नकोस.’ मी म्हटलं, का रे? तर म्हणाला, ‘तिच्या बापानं मला पहिल्या दिवशी जेवताना विचारलं होतं, तू कसल्या घरातला? त्याचं कोठार त्याच्या आज्यानं बांधलेलं. मी सांगितलं, विटांचं घर, चार मजली. खोटं काय बोललो? आमच्या त्यात दोन खोल्या आणि संडास जिन्यावर, एवढंच सांगायचं राहिलं. आता कोणत्या तोंडानं सांगू की सरकारनं ते घाण म्हणून झाडून टाकलं?’

तर लाज होती, आर्डिस. तुझी नव्हती, स्वतःची होती. तुला आणून दाखवायला त्याच्याकडे काही उरलं नव्हतं.

मला वाटलं, पुढे कधीतरी त्यानं तुला सांगितलं असेल. नवरे सांगतात, अंधारात का होईना. ऑगस्टमध्ये तुझं पत्र आलं, त्यात टवका उडालेल्या पायरीपर्यंत सगळं घर जसंच्या तसं. तीस वर्षं त्यानं ते तुझ्याजवळ उभं ठेवलं होतं. सरकारनं पाडलं ते पाडलं, मी पुन्हा पाडायला हात कसा उचलू? म्हणून शर्यती, म्हणून मे महिना, म्हणून गुडघे. गुडघे खरे आहेत.

आता यायचं की नाही ते तू ठरव. मी वाट बघते.

तुझी,
जेनी


डेकोरा
१२ ऑक्टोबर

जेनी,

तुझं पत्र मी स्वयंपाकघरात उभ्यानं वाचलं आणि पोटभर रडले. मग राग आला. तिकीट परत करायला निघाले, गाडीत बसले, किल्ली फिरवली, आणि वळले ती दफनभूमीकडे. तिथे तुझ्या भावाला मी बायकोच्या हक्कानं झापलं. गवत कापणारा माणूस यंत्र बंद करून लांब जाऊन उभा राहिला.

म्हटलं, मूर्खा, बाबांचं ते कोठार! आज्यानं बांधलं खरं, पण बँकेच्या कर्जानं, आणि मी लग्न केलं तेव्हा त्याची उत्तरेची भिंत बैलाच्या पाठीवर टेकलेली होती. बाबा जेवताना फुशारकी मारत होते. तू फुशारकी मारत होतास. दोघांनी एकमेकांचं खरं मानलं, आणि मी पस्तीस वर्षं मधे बसून बटाटे वाढले. मला सांगितलं असतंस तर मी तुझा हात धरून त्या धुळीत उभी राहिले असते रे, एवढंच मला म्हणायचं होतं. ते म्हणून झालं आणि मन हलकं झालं.

मी येतेय. काहीही नाही ती जागा मला दाखव. आणि तिथं काय होतं ते आठवणारं आणखी कुणी जिवंत असेल तर त्यांनाही बोलाव. तुझ्या एकटीच्या आठवणीवर माझा भरवसा नाही, बोर्गहिल्ड मावशी आठवते.

शनिवारी स्टेशनावर ये. मी निळ्या कोटात असेन.

आर्डिस


डेकोरा
२७ ऑक्टोबर

प्रिय जेनी,

सुखरूप पोचले. बोक्यानं चावलेलं भरत आलंय. लॉबस्टरबद्दल माझं मत अजून पक्कं झालेलं नाही. वर्नाला तुमच्या शर्यतींचं कार्ड दिलं, ती खूश आहे.

एक गोष्ट तुला तिथे सांगितली नाही. सांगायला गेले असते तर जेवणाच्या टेबलावर हुंदका आला असता आणि तुझ्या लेकीनं मलाही माहितीपत्रक द्यायला कमी केलं नसतं, म्हणून पत्रात लिहिते.

सोमवारी आपण गेलो ना, त्या उंच इमारतींच्या गाड्या लावायच्या जागेत? तू, मी, पॉप्लर स्ट्रीटला तुमच्या वरच्या मजल्यावर राहायचे ते सॉल पर्लमटर, आणि काठी घेऊन आलेली तुमची जुनी शेजारीण कॉन्चेटा. मला वाटलं होतं तुम्ही तिघं गंभीर होऊन एका जागेकडे बोट दाखवाल आणि मी डोळे मिटेन. कसलं काय! तू म्हणालीस, ‘दार इथे.’ सॉल म्हणाले, ‘तिथे? तिथे तर आमची न्हाणी होती, जेनी, तू आमच्या न्हाणीत उभी आहेस, बाहेर हो.’ कॉन्चेटानं माझं कोपर धरून मला एका लाल गाडीमागे ओढलं आणि म्हणाली, ‘या दोघांचं ऐकू नकोस, पायऱ्या इथे होत्या, मी त्यांच्यावरून पडले होते, माझ्या हाडाला माहीत आहे.’ मग चर्चचं टोक कुठून दिसायचं यावर तुमचं जुंपलं, आणि टोक बघायला तुम्ही तिघंही भांडत भांडत पार कोपऱ्यापर्यंत गेलात. मी लाल गाडीपाशी एकटी राहिले.

तेवढ्यात पहारेकरी आला. कोवळं पोरगं, गणवेश दोन मापं मोठा. अदबीनं म्हणाला, ‘बाई, ही इथे राहणाऱ्यांची जागा आहे. तुम्ही कुणाकडे आलात?’

कॅसचं नाव सांगावं तर तो यादीत शोधायला लागेल. माफ करा म्हणून निघावं, तर मी एवढ्या लांबून आले होते. आणि मग जे तोंडून गेलं ते मी ठरवलं नव्हतं. मी म्हटलं, ‘हे माझं सासर आहे. पहिल्यांदाच आलेय.’

त्यानं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. नुसत्या गाड्या होत्या. मग माझ्याकडे पाहिलं. काय समजला देव जाणे, पण त्यानं टोपी काढली आणि म्हणाला, ‘या ना, बाई. मग विचारायचं काय त्यात?’

तुझीच भावजय,
आर्डिस